फियाट आणि ताईची चक्कर

१ नोव्हेंबर, सकाळ

गाडी आली. फियाट, १९६८. रंग फिका हिरवा. पुढचे दोन दिवे म्हणजे चष्मा लावलेला सज्जन माणूस. गोंदियात अशी दुसरी नसावी. रचना ओसरीत उभी राहून बघत होती. म्हणाली, लोक म्हातारपणी जुन्या वस्तू काढतात, आपण घेऊन राहिलो. मी म्हटलं, जुनी नाही, व्हिंटेज. तिने फरक विचारला. मी सांगायला सुरुवात केली. वाक्य संपलं तेव्हा ती आत कुकर लावत होती.

संकल्प: रोज पहाटे ड्राइव्ह. महिन्याभरात जिल्ह्यातले सगळे सुंदर रस्ते. जन्मभर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. इंजिन म्हणजे उष्णता आणि दाब, दुसरं काय. मेकॅनिकची गरज नाही.

३ नोव्हेंबर, सकाळी

पहाट जमली नाही. थंडी होती. पण साडेसातला निघालो. मुर्रीच्या पुढे, नुसता रस्ता धरून.

हे लिहून ठेवायलाच हवं. स्टेअरिंगशेजारचा गिअर वर ओढून खाली टाकला की गाडी हुंकार देते, मग चालते. दाराच्या काचेजवळ छोटी तिकोनी खिडकी आहे. ती फिरवली की वारा नेमका गळ्यावर येतो. दोन्ही बाजूंनी कापलेलं धान, पेंढ्यांचे पुंजणे रचून ठेवलेले, वास येत होता. सीटलाही वास आहे, जुन्या ग्रंथालयासारखा. बांधावरची माणसं विळा थांबवून बघायची. मी हात केला. एका म्हाताऱ्याने परत हात केला. इतका आनंद मला रिटायर झाल्यानंतर झाला नव्हता. खरं तर आधीही नाही.

५ नोव्हेंबर

गाडीखाली सकाळी पाण्याचं थारोळं. एसीचं पाणी असेल.

५ नोव्हेंबर, दुपार

गाडीला एसी नाही. दव असेल.

७ नोव्हेंबर

लीलाताईकडे मुर्रीला गाडी घेऊन गेलो. माझी मोठी बहीण. भाऊजी इटियाडोह धरणावर गेट चालवायचे. ताईचा सगळा संसार तिथल्या क्वार्टरमध्ये झाला. ते गेल्यापासून ती मुलाकडे असते. धरण पुन्हा पाहिलंच नाही. नातवंडं, गुडघे, काही ना काही.

ताई गाडीत बसली. सीटवरून हात फिरवला. म्हणाली, खेमू, मले एकदा ते पाणी पाहाचं आहे रे. भरलेलं असते या दिवसात.

मी म्हटलं, या रविवारी. राणीसारखी नेतो. तिने लगेच कोणतं पातळ नेसायचं ते ठरवलं. भाऊजींनी घेतलेलं, जांभळं, एकदाच नेसलेलं.

१२ नोव्हेंबर

रविवार चुकला. क्रोमला पॉलिश करायचं राहिलं होतं. अशा गाडीला तसंच नेता येत नाही.

१६ नोव्हेंबर

हाही रविवार गेला. व्हॉट्सॲपवर गाडीचे फोटो टाकले होते, लोकांना उत्तरं देता देता दुपार झाली. ताईचा फोन. म्हणाली, जमत नसंल तर आपण एसटीनं जाऊ. सकाळची बस लागते.

एसटीनं. घरी फियाट उभी असताना. मी जरा तुटकच बोललो. नंतर वाईट वाटलं, पण चूक तिचीच.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळ

उद्या नक्की. रचनाने सोबत पाण्याची कॅन ठेवायला सांगितली. मी म्हटलं, रस्त्यात सगळीकडे पाणी मिळतं, आपण काय वाळवंटात चाललो. ती म्हणाली, तुमच्यासाठी नाही, गाडीसाठी. मी हसलो. कॅन ओसरीतच आहे.

२० नोव्हेंबर

लिहायची इच्छा नाही. पण लिहितो.

सकाळ फार छान होती. ताई जांभळं पातळ नेसून मागे बसली, हातात पेरू. सारखी बाहेर बघत होती, झाडं ओळखत होती. हा मोह, हा येन. रस्त्यावर लोकांनी धान वाळत घातलं होतं. मी एका बाजूने, एक दाणाही न चिरडता गाडी काढली. ताई म्हणाली, तुझ्या भाऊजीपेक्षा चांगली चालवतो. ते फक्त सायकल चालवायचे, पण तरी.

गरमीचा काटा वर चढत होता. मला वाटलं, इंजिन आता कुठे रंगात आलं.

गोरेगावात आठवडी बाजार. मी सगळी वर्षं शिकवलं ते याच गावात. गर्दीत गाडी हळू करावी लागली. भाजीवाल्यांच्या ओळीसमोर बोनेटमधून शिट्टीसारखा आवाज आला आणि वाफ. गाडी थांबली. किल्ली फिरवली. काही नाही.

लोक जमले. त्यात निम्मे माझे विद्यार्थी. देवानंद पुढे आला. त्याचं तिथे खत-बियाण्यांचं दुकान आहे. बारावीला माझ्याकडे दोनदा होता. खिडकीत वाकून म्हणाला, सर, गाडी बंद पडली का जी?

मी त्याला उष्णतेचा धडा शिकवला होता. दोनदा.

मी म्हटलं, नाही नाही. ताईला चक्कर आली, म्हणून थांबवली.

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ताई पेरू खात होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मग पेरू मांडीवर ठेवला, मान मागे टेकवली आणि डोळे मिटले.

पुढचं फार लवकर झालं. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. कोणी सुपाने वारा घातला. एका बाईने घागरभर पाणी आणून ताईच्या डोक्यावर ओतलं. जांभळं पातळ छातीपासून गुडघ्यापर्यंत ओलं. ताईने डोळे उघडले नाहीत. थरथरली फक्त. मी तेव्हा सांगू शकलो असतो. मी म्हटलं, बस, आता बरं वाटेल तिला.

मग ॲम्ब्युलन्स आली. देवानंदने बोलावली होती. तरुण डॉक्टरीण उतरली. ताईची नाडी पाहिली, बीपी पाहिला. म्हणाली, एकदम चांगला आहे. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही कायले एवढे घामेजले? माझ्या दंडाला पट्टा बांधला. चेहरा बदलला तिचा. मला स्ट्रेचरवर झोपायला सांगितलं.

बाजारातून मी आडवा गेलो. वर पाहत. मागून ताई माझ्या चपला हातात घेऊन चढली. ओली.

ॲम्ब्युलन्समध्ये तिने हळूच विचारलं, खेमू, आता तरी खरं सांग, काही होऊन तर नाही राहिलं?

मी म्हटलं, नाही, गाडी सुधारेल.

२१ नोव्हेंबर

बीपी उतरला. कालपासूनची गोळी आता रोज घ्यायची. फियाट ट्रॅक्टरमागे बांधून आली. गल्ली बाहेर होती. सगळी.

विचार केला. मी खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. ताईचं वय झालंय, उन्हात बसली होती. चक्कर येणारच होती. मी फक्त आधी सांगितलं.

२३ नोव्हेंबर

रचनाला कळलं. ताईने नाही सांगितलं. गोरेगावहून कोणाचा तरी फोन आला, तब्येत विचारायला. माझी नाही, ताईची. रचनाने मला सगळं विचारलं. मी सांगितलं, जरा वेगळ्या क्रमाने. तिने कुकर उतरवला. मग म्हणाली, ताईले सर्दी झाली आहे, ठाऊक आहे का तुमाले?

ठाऊक नव्हतं. मी फोन केला नव्हता. वाटलं, ती रागावली असेल, कशाला त्रास द्यायचा.

२४ नोव्हेंबर

मुर्रीला गेलो. पायी. माफी मागायची ठरवून. ताईने चहा दिला. नाक लाल. पातळ पुन्हा धुतलेलं, दोरीवर वाळत होतं, रंग उतरून खाली काठाला जमा झालेला. मी म्हटलं, हवा बदलली आहे. ती म्हणाली, हो. मी चहा संपवला. निघताना म्हटलं, रविवारी एसटीनं जाऊ. ती म्हणाली, मी तर आधीच म्हणत होतो.

३० नोव्हेंबर, संध्याकाळ

गेलो. बसने. ताईला खिडकी दिली. साधं सुती लुगडं होतं अंगावर.

गोरेगावात देवानंद चढला. अर्जुनीला काही काम होतं त्याचं. आमच्या पुढच्या सीटवर बसून मागे वळला. ताईला विचारलं, बाई, आता कसं आहे जी?

मी ठरवलं, आता. आणि सांगितलं. आवाज मोठा झाला, बसमधल्या आणखी दोघांनी ऐकलं. म्हटलं, देवानंद, ताईला काहीच झालं नव्हतं. गाडी बंद पडली होती.

तो म्हणाला, ते तर दिसूनच राहिलं होतं सर. एवढी वाफ.

मी विचारलं, मग ॲम्ब्युलन्स कायले बोलावली?

तो जरा लाजला. म्हणाला, तुमच्यासाठी जी. तुमचं तोंड पांढरं पडलं होतं. तुमी म्हणाले बाईले चक्कर आली, तं फोनवर तसंच सांगतलं. तुमाले वाईट वाटू नये म्हणून.

ताईने पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर पाहिलं. खांदे हलत होते. रस्ता खराब होता तिथे.

इटियाडोहला पाणी काठोकाठ होतं. ताई भिंतीवरून चालत गेली, गुडघे धरत. भाऊजी कुठे उभे राहायचे ते दाखवलं. मग कठड्याला टेकून पाणी बघत राहिली. मीही शेजारी टेकलो.

तिथला एक जुना माणूस आला, दुधराम. भाऊजींसोबत काम केलेला. ताईला ओळखलं त्याने, आनंद झाला. विचारलं, कशानं आल्या जी?

ताई पाण्याकडे बघतच म्हणाली, भावाच्या गाडीनं आलो.

दुधराम आमच्या मागे रस्त्यावर गाडी शोधू लागला. मी म्हटलं, बसनं आलो. गाडी बंद पडली आहे.

तो बरं म्हणाला आणि चहा सांगायला गेला.

एवढंच झालं. एवढ्यासाठी मी ताईला भर बाजारात भिजू दिलं होतं.