एकोणचाळीस दिवस पिठलं

जनावरांची छावणी, ता. जामखेड
११ मे २०१९

ती. छबूअक्कास,

धाकट्या रामहरीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे मी, दोन गाया, एक कालवड आणि म्हातारा बैल असे सगळे खुशाल आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत औषध वेळेवर घालतेस ना? फोन करायचा सोडून याला पत्राचं काय सुचलं, असं म्हणशील. गेल्या खेपेला फोनवर मी सात मिनिटं सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी तू म्हणालीस, "बरं बरं, पण कोण बोलतंय?" तेव्हाच ठरवलं, की चौतीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, आता एक आपलं लिहावं. ते तुला आरती वाचून दाखवेल. (सूनबाई, कंसातला मजकूर तुझ्यापुरता. तो मोठ्यानं वाचायचा नाही.)

तुमच्या पुणतांब्याला गोदावरी आहे, कॅनॉल आहे, त्यामुळे छावणी म्हणजे काय हे तुला ठाऊक असायचं कारण नाही. आपल्या गावात प्यायला टँकर येतो, तिथं चारा कुठून उगवायचा? म्हणून सहा मैलांवरच्या गायरानात शेडनेट बांधून सहाशे जनावरं आणून ठेवली आहेत, आणि जनावरं सोडून जाता येत नाही म्हणून त्यांच्या खुंट्यांशेजारी खाटा टाकून आम्ही. धुळवडीपासून मी इथं आहे. जनावरांच्या कानाला बिल्ला आहे, रोज त्यांची हजेरी होते आणि त्यांच्या आहाराचा तक्ता ऑफिसच्या पत्र्यावर लावलाय : ऊस, उसाच्या शेंड्यांचे वाढे, मका, ठरल्या दिवशी पेंड. माणसांच्या आहाराचा तक्ता नाही, कारण त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. सकाळी दहाला, चार गावं फिरून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोत गावाकडून डबे यायचे. डब्यात बाजरीची भाकरी आणि पिठलं. हे पहिल्या दिवशी. एकोणचाळिसाव्या दिवशीही तेच. यात तुझ्या भावजयीचा काही दोष नाही. गावात हिरवी भाजी औषधाला नाही, आणि सकाळी सातला टेम्पो दारात भोंगा वाजवतो, त्या घाईत बनू दुसरं करणार तरी काय? (पण आरती, एकोणचाळीस दिवस! आमच्या कालवडीलासुद्धा वाढ्यांचा कंटाळा आला की मका मिळतो.)

आता बजरंगचं सांगतो. वरच्या वाडीचा, पूर्वी यात्रेत कुस्त्या खेळायचा, तो. त्याची खाट माझ्या खाटेला लागून आहे आणि त्याचे दोन खिलार बैल माझ्या बैलाला लागून. त्याची रंगुबाई दिवाळीच्या आधी गेली. पोरगा रविराज पुण्याला गाडी चालवतो. बजरंगचा डबा त्याची पुतणी पाठवायची, त्यातही पिठलंच. हा गडी डबा उघडायचा, बघायचा आणि भाकरी बैलांना घालायचा. विचारलं की म्हणायचा, "भूक न्हाई." एप्रिलच्या शेवटी बैलांना पाणी पाजताना हौदापाशी कोसळला. चौघांनी उचलायची तयारी केली आणि दोघांतच उचलला गेला, एवढा हलका झाला होता. डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही, पोटात अन्न नाही. दुसऱ्याच दिवशी बन्सी व्यापारी येऊन बैलांचे दात बघून गेला. शनिवारी बैल घेऊन जायचं ठरलं. बजरंग मला म्हणाला, "बैल गेले का मी बी सुटलो." कुठं सुटणार होता, ते मी विचारलं नाही. तो ज्या आवाजात बोलला, त्यानंतर विचारायची छाती होईना.

मी मनाशी ठरवलं, की हा माणूस पिठल्याला विटला आहे. (खरं तर विटलो होतो मी. पण स्वतःसाठी वेगळं खायला मागितलं तर माणूस जिभेचे चोचले पुरवणारा ठरतो. दुसऱ्यासाठी मागितलं की परोपकारी.) त्याच दुपारी बनूला फोन केला आणि इतकंच म्हणालो, की उद्या जरा दुसरं काही जमलं तर बघ, बजरंगला पिठलं जात नाही. तिनं फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून डबा आलाच नाही. पोतं आलं. आत बाजरीचं पीठ, थोडी अख्खी बाजरी, बेसन, हुलग्याचं पीठ, शेंगदाणे, तीळ, लसूण, मिरची, मीठ, तेलाची बाटली, तवा आणि पातेलं. वर चिठ्ठी : "तुम्हीच करा आणि तुम्हीच खा."

अक्का, तुला माहीत आहे, मी आयुष्यात चहाखेरीज काही केलेलं नाही. पण मी पोस्टातला माणूस. ऊन असो, कुत्रं मागं लागो, ज्याचं टपाल त्याच्या हातात पडेपर्यंत मी घरी आलो नाही. खाकी पुठ्ठ्यावर शनिवारपर्यंतचे पाच बेत लिहून काढले आणि पुठ्ठा खाटेच्या वर टांगला. एक पदार्थ दोनदा नाही आणि पिठलं तर मुळीच नाही, असा नेमच केला.

सोमवारी धपाटे. इथं जळण म्हणजे उसाचं पाचट. ते भपकन पेटतं, माणसाच्या भुवया जाळतं आणि तवा तापायच्या आत विझतं. त्यामुळे धपाटं एका बाजूनं कोळसा आणि दुसऱ्या बाजूनं कच्चं झालं. मी दोन्ही बाजू एकमेकींवर घडी घालून बजरंगपुढं ठेवलं, म्हणजे सरासरी बरी येईल. त्यानं पाठ फिरवली. मंगळवारी बाजरीची खिचडी. त्यासाठी बाजरी भिजवून कांडावी लागते आणि छावणीत उखळ नाही. मी घमेल्यात बाजरी घेऊन पहारीच्या बोथट टोकानं कांडायला लागलो. दहाव्या घावाला घमेल्याला भोक पडलं. उरलेली बाजरी मातीसकट गोळा केली, धुतली आणि शिजवली. पहिल्या घासाला माझीच दाढ करकरली. बजरंग खाटेवरून म्हणाला, "खिचडी हाय का मुरूम?" अक्का, पंधरा दिवसांत "भूक न्हाई" आणि त्या "सुटलो"खेरीज त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. माझा हुरूप वाढला.

बुधवारी मी मासवड्या करायला काढल्या. आता मासवडी ही भल्याभल्या सुगरणींना रडवते, हे मला बनूनं नंतर सांगितलं. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, वर तिळाचं सारण पसरायचं आणि फडक्यासकट गुंडाळी करायची. फडकं नव्हतं. बजरंगचा डोक्याला बांधायचा पटका धुवून दोरीवर वाळत होता. (आरती, स्वच्छ धुतलेला होता. मी वास घेऊन पाहिला.) बेसन थापलं, गुंडाळी केली, पण ते पटक्याला असं धरून बसलं की सुटेना. ओढलं तर मासवडी पटक्यात आणि पटका मासवडीत. शेवटी कालवड आली आणि अर्धा हात पटका सारणासकट चघळून गेली. बजरंग उठून बसला आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यात आपले वडीलही आले, तुझ्या सासरचेही आले. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, बोल बाबा, बोल, आवाजात जोर आलाय.

गुरुवारी गोड म्हणून उसाच्या रसातल्या दशम्या करायच्या होत्या, पण ऊस जनावरांच्या वाट्याचा. सरकार तो बैलाच्या नावानं देतं, रामहरीच्या नाही. मी माझ्या बैलापुढचं एक कांडं हातात घेतलं, त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि मी ते परत ठेवलं. त्या दिवशी शेंगदाण्याची आमटी केली. तिच्यात मीठ दोनदा पडलं. बजरंगनं वाटी मागं सरकवली. परत भिंतीकडं, म्हणजे शेडनेटकडं तोंड करून निजला. खरं सांगतो अक्का, त्या दिवशी माझा धीर सुटत आला होता. शनिवारला एकच दिवस उरला होता आणि त्याच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. ती आमटी मी एकट्यानं संपवली. टाकून दिली असती तर हरल्यासारखं वाटलं असतं.

शुक्रवारी हुलग्याचे शेंगोळे. बनूचा राग निम्मा उतरला होता. फोन स्पीकरवर टाकून खाटेवर ठेवला आणि ती सांगेल तसा मी करत गेलो. लसूण-मिरची वाटली, पीठ मळलं, फोडणी दिली. "आता पाणी घाला," ती म्हणाली. मी विचारलं, किती? आणि फोनची बॅटरी संपली. मी आपलं अंदाजानं पातेलं भरलं. शेंगोळं करंगळीएवढं बारीक वळून त्याचं कडं करायचं असतं. माझी कडी बैलाच्या वेसणीएवढी झाली. ती पाण्यात सोडणार, तेवढ्यात मागून हात आला आणि माझं मनगट धरलं.

"रामहरी, हो बाजूला."

"अरे, तू कशाला उठलास?"

"हो म्हनतो ना! आन्नाची नासाडी बघवंना मला. पाच दिस झालं बघतोय. पानी किती घातलंस ह्ये? बैल धुयाचा हाय का?"

त्यानं निम्मं पाणी काढलं. माझी कडी मोडली, पीठ परत मळलं. मग खाली बसून दोन तळव्यांत असं काही वळायला लागला की मी बघतच राहिलो. त्या पैलवानी बोटांतून दोरा निघावा तशी शेंगोळी सुटत होती. पाचट एकदम न घालता मूठमूठ सारत होता, त्यामुळे जाळ एकसारखा. मी विचारलं, हे तू कुठं शिकलास?

"बारा वर्सं ऊसतोडीला गेल्तो आमी," तो पातेल्याकडं बघत म्हणाला. "रंगू कोयत्याला माझ्यापरास सरस. लई थकायची. मंग सांजचं रांधप मीच करायचो. तिला ह्येच आवडायचं."

रस्सा उकळायला लागला. त्यानं मीठ बघायला पळीतून थोडं तळहातावर घेतलं आणि चाटलं. चिमूटभर मीठ घातलं. परत चाटलं. मग मीठ बरोबर झालं होतं, तरी तिसऱ्यांदा चाटलं. मी दोन वाट्या पुढं ठेवल्या. बजरंगनं वर कच्चं तेल सोडलं आणि जेवायला बसला. एक वाटी, दोन, तीन. चौथीला मला उगाच गायीकडं काहीतरी बघायचं होतं, म्हणून मी उठून गेलो.

शनिवारी बन्सी टेम्पो घेऊन हजर झाला. बजरंगनं त्याला बसवलं, त्याच्यापुढं वाटी ठेवली आणि म्हणाला, "बैल द्यायचं न्हाईत. जेवून जा." बन्सीनं जेवताजेवता पुष्कळ समजावलं, पण बजरंगचं उत्तर एकच, अजून घे. शेवटी तो रिकामा टेम्पो घेऊन गेला. बैल इथंच आहेत. रविराजला मी फोन करून कळवलं, तर पोरगं फोनवर रडलं.

तेव्हा अक्का, माझी काळजी करू नकोस. बजरंग आता स्वतः पाणी शेंदतो, चारा वाहतो. मला चूल शिवू देत नाही, दोघांचं जेवण तोच करतो. माझा पुठ्ठा त्यानं चूल पेटवायला घेतला. फक्त एक आहे. त्याला शेंगोळ्यांखेरीज काही करता येत नाही. आज नववा दिवस, दोन्ही वेळचे. पण तो जेवतोय तोवर त्याच्या जोडीला बसून मी जेवणार, वाटी पुसून खाणार आणि वर झकास म्हणणार. ज्या माणसानं पाचट मूठमूठ सारून आपल्यासाठी रांधलं, त्याला कंटाळा दाखवायचा नाही, हा माझा पक्का निश्चय आहे. इकडे मला काही कमी नाही. काही पाठवू नकोस. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
रामहरी

ता. क. : आरती, हे अक्काला वाचून दाखवू नकोस. तू फक्त मला एक फोन कर, की आत्याबाई आजारी आहेत, मामांना बघायचं म्हणतात. १९ तारखेच्या रविवारी येतो. बनूचा भाऊ कानिफनाथ दोन दिवस जनावरांपाशी राहायला तयार आहे. मोठं दुखणं सांगू नकोस, साधा ताप पुरे. आणि भेंडीची भाजी कर. पुणतांब्याला भेंडी मिळते ना? नसली तर दोडका चालेल, दुधी चालेल, जे हिरवं आणि चावता येईल असं असेल ते चालेल.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवायच्या आधी, थाप पटते का बघावं म्हणून बजरंगला सांगून पाहिलं, की बहिणीला बरं नाही. पटली. इतकी पटली की त्यानं लगेच सदरा धुवून वाळत घातला. म्हणतो, "दिवाळीपासनं कुटं गेलो न्हाई. तुज्या बहिनीला बघाया मी बी येतो. तापात हुलग्याचा रस्सा लई चांगला." दोन किलो पीठ बांधून तयार आहे. त्याला नाही म्हणणं माझ्यानं झालं नाही. तेव्हा रविवारी अकराच्या आत अक्काला खाटेवर निजव आणि अंगावर चादर घाल. तो वाटी पुढं करील तेव्हा तिनं दोन घास तरी खावेत, नाहीतर तो समोरून हलत नाही. भेंडी मात्र नक्की कर आणि मागल्या दारी झाकून ठेव. हात धुवायच्या निमित्तानं येईन आणि उभ्यानंच खाईन.