कंबरेचं गुपित आणि हिरवं बटण

२ तारीख, सकाळ
वीस वर्षं शिवतेय. एकीच्या कंबरेचं माप दुसरीला कळू दिलं नाही. जाऊबाईंनी शेजारणीचं खोदून खोदून विचारलं, तरी नाही. चौथीपर्यंतच शिकले, पण मला गंडवणारा अजून जन्माला यायचाय.
हॉस्पिटलच्या मेट्रनबाई चाळीस नर्सचे युनिफॉर्म मला द्यायच्या विचारात आहेत. एवढी मापं वहीत कुठे शोधू? लेकीने फोनमध्ये शिवणकामाचं ॲप घालून दिलं. फुकट.
ठराव: अटी सगळ्या वाचायच्या.

२ तारीख, दहा मिनिटांनी
अटी फार लांब. गॅसवर दूध होतं. खालचं हिरवं बटण दाबलं, 'मान्य'. दूध उतू गेलंच.

३ तारीख
ॲप विचारतं, कॉन्टॅक्ट बघू? मान्य. फोटो? मान्य. तुम्ही कुठे आहात ते बघू? दुकानात, आणखी कुठे मरायला. मान्य. आमच्या ह्यांनी लग्नाला पंचवीस वर्षं होऊन एकदा इतकं विचारलं नाही. लेक म्हणाली, आई, वाच तरी. तिला म्हटलं, सुईत दोरा ओवायला तुला कुणी शिकवलं?

५ तारीख
सगळी वही ॲपमध्ये चढवली, शेऱ्यांसकट. शेऱ्याशिवाय माप कसलं? 'मेट्रनबाई: माप देताना पोट आत ओढतात. गुपचूप दोन इंच वाढवणे.' 'जाऊबाई: अडतीस सांगतात. बेचाळीस धरणे.'
काळजी नाही. ॲपवर कुलपाचं चित्र आहे.

९ तारीख
ॲपने आपणहून सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज धाडले. 'आपली कंबर वाढली आहे. नवे कपडे शिवायची हीच वेळ.' खाली माझा शेरा, जसाच्या तसा. ह्यांनाही गेला: 'खुर्चीवरून उठत नाहीत. पँटला मागे दुहेरी शिवण.' हे सकाळपासून उभे आहेत.
जाऊबाई बोलत नाहीत. तेवढाच फायदा.
लेकीने अटी वाचून दाखवल्या. सतराव्या कलमात हे सगळं लिहिलंय म्हणे. असेल. बटण दाबलं म्हणजे हो म्हटलं असं होतं का?

१० तारीख, दुपार
मेट्रनबाई आल्या. मी ठणकावून सांगितलं, मला न विचारता माझी वही नेली हो ॲपवाल्यांनी. बाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "आणि माझी कंबर त्यात घालताना तुम्ही मला विचारलं होतंत?"
उत्तर तयार होतं. नेमक्या तोंडात टाचण्या होत्या.

११ तारीख
आता सगळं रीतसर. लेकीकडून फॉर्म लिहून घेतला: 'माझं माप लिहून ठेवायला माझी हरकत नाही.' हॉस्पिटलात पाठवला. चाळीस सह्या आल्याच समज. कोण वाचतंय?

१४ तारीख
मेट्रनबाईंनी वाचला. चाळीसजणींना वाचून दाखवला. कागद परत आलाय, एकाच शेऱ्यासकट: अमान्य. युनिफॉर्म समोरच्या शिंप्याकडे गेले. त्याच्याकडे साधा फोनसुद्धा नाही.
ॲप आजच्या आज काढून टाकणार. काढायच्याही अटी आहेत, बावीस पानं. या खेपेला अक्षर न् अक्षर वाचणार.
गॅसवर दूध आहे.
मान्य.