किटलीची चुकलेली सावली

१२ ऑक्टोबर, रविवार दुपार

प्रिय टकळे,

ताईचे अनेक आशीर्वाद. मुरगळलेला पाय आता कसा आहे? लेकीच्या घरी आहेस तोवर पाय वर करून पड. तिच्या स्वयंपाकघरात नाक खुपसू नकोस. इकडे सगळं ठीक. तुझ्या कुंड्यांना पाणी घालते.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? आज मला मध्ये कुणी "अगं पण ताई" न म्हणता सांगायचंय.

काल वाचनालयाच्या तळघरातल्या बाजारात आपलं टेबल मी एकटीनं मांडलं. डावीकडे माझी सात चित्रं, उजवीकडे तुझी तीन. तू शिकवलंस तशी पहिल्या गिऱ्हाइकाकडे बघून हसले. बाई दचकून पुढे गेली. शेजारचा साबणवाला म्हणाला, "ताई, हसताय की दाढ दुखतेय?"

मग एका गृहस्थांनी विचारलं, "ही तुम्हीच काढलीत का?"

मी म्हटलं, "हो, सॉरी."

खरंच म्हटलं गं! चाळीस वर्षं कुणी न शिकवता रंगवतेय, आणि कुणी विचारलं की माफी मागते. जीभ टाळ्याला चिकटते ती चिकटतेच. त्यात जो तो विचारणार, "त्या बोलक्या बाई नाही आल्या आज?" साबणवाल्यानं तर लोकांना तुझ्या पायाची हकिकत सांगायचं कंत्राटच घेतलं होतं. आई म्हणायची ना, बोलणाऱ्याची माती खपते आणि मुक्याचे गहू तसेच राहतात. माझे गहू अन् तुझी माती एका टेबलावर, असं मनात आलं.

लिहून गेले, आता खोडत नाही. पण तुझी माती नाहीये. तेच तर माझं दुखणं आहे.

किटलीच्या चित्राचं सांगते. लेकीकडे निघताना तू म्हणाली होतीस, "ताई, एवढं एक गेलं तर ठीक. नाही गेलं तर समजेन की हा आपला प्रांत नव्हे. रंगांची पेटी तुला परत." हसत म्हणालीस, पण तुझं हसणं मला साठ वर्षं ओळखीचं आहे. मी नुसतं "बघू" म्हटलं.

त्या किटलीची सावली चुकलीय. उजेड डावीकडच्या खिडकीतून येतोय, म्हणजे सावली उजवीकडे पडायला हवी. तू ती थेट खिडकीकडेच पाडलीस. मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. कुंचला कसा धरायचा ते मी शिकवलं, पाणी किती घ्यायचं ते मी शिकवलं, आणि हे मात्र सांगितलं नाही. "छान झालंय" म्हटलं. मनात म्हटलं, असू दे तसंच, लोकांनाही दिसू दे.

दुपारी एक बस चालवणारी बाई आली, अंगावर ड्युटीचा गणवेश. माझ्या सात चित्रांवरून तिची नजर थांबा नसलेल्या बससारखी निघून गेली आणि तुझ्या किटलीपाशी उभी राहिली. उभीच राहिली.

"ही सावली अशी उलटी का हो?"

आता सांगून टाकावं, "चुकलीय," असं तोंडावर आलं होतं. आणि मी म्हटलं, "सावलीलाही ऊन हवंसं वाटतं की. सगळा जन्म किटलीच्या मागे बसून कंटाळली असेल, म्हणून खिडकीशी आली."

कोण बोललं हे? माझं मलाच कळेना. मग मी बोलतच सुटले. किटलीचं झाकण जरा उचललेलं का, पलीकडचा कप रिकामा का, सगळं सांगितलं. साबणवाला साबण सोडून ऐकत होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझं तोंड उघडलं, तेही तुझ्या चित्रापायी!

ती म्हणाली, "मला हे हवंय. तुमचंच ना?"

"बहिणीचं."

"बहीण भारी आहे हो तुमची!"

ते 'भारी' मला झोंबलं. "थांबा हं, बघते," म्हणत मी चित्र उचललं, पाठमोरी झाले, आणि चौकटीच्या कोपऱ्यावर विकल्याची लाल टिकली चिकटवली. वळून म्हटलं, "अगंबाई, हे गेलेलं आहे. सकाळीच."

"कुणी नेलं?"

"आहे एक बाई."

"नशीबवान आहे," ती म्हणाली. बेत बदलला तर कळवा म्हणून तिकिटाच्या पाठीवर नंबर लिहून दिला आणि रिकाम्या हातानं गेली. माझ्या चित्रांकडे तेव्हाही बघितलं नाही तिनं.

आज सकाळी तुला एक पत्र लिहिलं होतं: "किटली गेली नाही, मनाला लावून घेऊ नकोस." त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पाकिटावर तुझा पत्ता लिहिताना माझी मलाच शिसारी आली. फाडलं.

मग त्या बाईला फोन लावला. मी, अनोळखी माणसाला, आपणहून! म्हटलं, "काल मी खोटं बोलले. टिकली मीच लावली होती. चित्र इथेच आहे."

ती म्हणाली, "म्हणजे ती नशीबवान बाई तुम्हीच का?"

"हो," म्हटलं, "आणि तिला बहिणीचं कौतुक बघवत नव्हतं."

ती हसली नाही. शनिवारी अकराला बाजारात येते म्हणाली.

तेव्हा शनिवारपर्यंत पाय बरा कर आणि स्वतःच्या हातानं चित्र दे. सावली आता तुला कळली. तिला हात लावशील तर खबरदार. पेटी तुझ्याकडेच राहू दे. "मला फार आनंद झाला" असं लिहायला तीनदा पेन उचललं, पण होत नाहीये अजून. झाला की सर्वांत आधी तुलाच सांगेन. तोवर टेबलाशी तुझ्या शेजारी बसेन, आणि कुणी सावलीचं विचारलं तर खरं काय ते तूच सांग.

वयानेच तेवढी थोरली,
तुझी ताई