पाणउंदीर हा मासाच

१४ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ८
आजपासून शाकाहारी. पूर्ण. चर्चमध्ये कपाळावर राख लावून घेतली तेव्हाच ठरवून टाकलं.

माझी बायको ल्युसील काल टोलीडोला बहिणीकडे निघून गेली. कारण क्षुल्लक. माझ्या टूलबॉक्समध्ये, पान्यांच्या खाली, तिला सलामी, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, सापडली. जानेवारीत माझ्या हृदयात दोन स्टेंट बसवले, तेव्हापासून घरात मांस बंद आहे हे खरं. पण सलामी टूलबॉक्समध्ये होती, टूलबॉक्स गॅरेजमध्ये, आणि गॅरेज म्हणजे काही घर नव्हे. हे मी तिला समजावून सांगितलं. ती बॅग भरत राहिली. म्हणाली, तू मेलास की जगलास ते कळायची वाट बघत अकरा तास बसले होते त्या हॉस्पिटलच्या खुर्चीत. दुसऱ्यांदा बसणार नाही. ईस्टरला येईन. तोवर मांस सुटलं असेल तर राहीन, नाहीतर बर्नाडेटची मागची खोली रिकामीच आहे.

बर्नाडेट म्हणजे तिची बहीण. छत्तीस वर्षं तिला मी आवडलेलो नाही.

रोज संध्याकाळी सहाला फोन करून काय खाल्लं ते सांगायचं, अशी अट. मान्य केली. ईस्टर एकतीस मार्चला. हे दिवस तसेही लेंटचे, ईस्टरआधीच्या उपवासाचे. सोपं आहे.

दुपारी १
लेट्यूसचा अख्खा गड्डा खाल्ला. दात कोरून पोट भरत नाही.

१५ फेब्रुवारी
वर्कशॉपमध्ये (मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो) माझ्या जोडीदाराने, क्लोव्हिसने, घरची चिली आणली, मांस आणि बीन्सचा तिखट रस्सा. मांसाचे तुकडे निवडून बाजूला काढले, नुसता रस खाल्ला. रस हा द्रव आहे. मग ते तुकडे फेकवेनात. अन्नाचा अपमान नको.

ल्युसीलला सांगितलं, बीन्स खाल्ल्या. चिलीत बीन्स होत्याच.

१७ फेब्रुवारी, शनिवार
लायब्ररीत गेलो होतो. तिथल्या बाईंनी आहारावरचं पुस्तक काढून दिलं. माझ्यासारख्या माणसांना नाव आहे! फ्लेक्सिटेरियन. बहुतेक वेळा शाकाहार, अधूनमधून मांस. म्हणजे मी परवापासून फ्लेक्सिटेरियन आहे आणि मलाच माहीत नव्हतं. उगाच मन खात होतं.

१८ फेब्रुवारी
अधूनमधून: बेकन.

१९ फेब्रुवारी
अधूनमधून: उरलेलं बेकन.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी ६.२०
ल्युसीलला आनंदाची बातमी दिली. ती म्हणाली, जेरार, याला मांस खाणारा माणूस म्हणतात. माझा बापही तेच होता, त्याला फक्त पुस्तकी नाव सुचलं नाही. मागून बर्नाडेटचं हसणं ऐकू आलं. मुद्दाम मोठ्याने हसते ती.

ल्युसीलचा बाप जेवणाच्या टेबलावरच गेला होता. काटा हातातच होता म्हणतात.

२१ फेब्रुवारी
सुंठीवाचून खोकला गेला. पुस्तकाच्या पुढच्याच पानावर पेस्कटेरियन. मांस नाही, मासे चालतात. डॉक्टरीणबाईही मासे खा म्हणाल्या होत्या. ल्युसीलला फोन केला. ती म्हणाली, चालेल, मासे खा, पण मासेच. आवाज जरा मऊ वाटला. निळा स्वेटर कुठे ठेवलाय तेही तिने आपणहून सांगितलं.

ईस्टरपर्यंत मासे. कानाला खडा.

२४ फेब्रुवारी
ट्यूना.

२५ फेब्रुवारी
ट्यूना.

२८ फेब्रुवारी
ट्यूना. मांजर आता माझ्याकडे आदराने बघते.

३ मार्च, रविवार
ट्यूना नाही. पर्च. गळाला लागले तीन, एवढे एवढेसे. घर खायला उठतं. मला मात्र खायला काही नाही. तिची कॉफीची कपबशी धुऊन ठेवली. कोणी वापरली नव्हती, तरी धुतली. ती नसली की मला घरात कुठे बसायचं ते कळत नाही. या खुर्चीतून त्या खुर्चीत, एवढंच चाललंय. ती यायलाच पाहिजे. मला दुसरं काही येत नाही.

८ मार्च, शुक्रवार
आज बोट क्लबात पाणउंदराचं जेवण. आमच्या मनरो गावात लेंटमधल्या शुक्रवारी मांस नाही, पण पाणउंदीर चालतो. पूर्वापार चालत आलंय. दलदलीत राहतो, पाण्यात पोहतो, म्हणून उपवासापुरता मासा. माझ्या आजोबांनी खाल्ला, त्यांच्या आजोबांनी खाल्ला, आणि त्या सगळ्यांना स्वर्गात जागा मिळाली.

मी आधी नुसता बसायला म्हणून गेलो. क्लोव्हिस कढईपाशी उभा होता. कांद्यात उकडून, मग लोण्यात परतून. वास आला. मी त्याला सांगितलं, बाबा रे, मी पेस्कटेरियन आहे. तो म्हणाला, मग तर झालंच, वाढू का दोन?

विचार केला. मासा कशाला म्हणायचं हे लायब्ररीच्या पुस्तकापेक्षा चर्चला जास्त कळतं. तीन खाल्ले. शेजारच्या टेबलावर आमच्या चर्चचे फादर पोलिनही होते, त्यांनीही बशी पुसून खाल्लं.

९ मार्च, संध्याकाळी ६
ल्युसीलने विचारलं, काल काय? मासा म्हणालो. कुठला? इथलाच, नदीकाठचा. ती बरं म्हणाली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला मी नाही, पण विचारलं नाही ते कशाला सांगा.

१५ मार्च, शुक्रवार
पुन्हा पाणउंदीर. शिवाय बदक. बदक तर पाणउंदरापेक्षा जास्त वेळ पाण्यात असतं.

ल्युसीलने विचारलं, कुठला मासा? म्हटलं, पोहणारा.

१९ मार्च
हॅम. तीन आठवडे खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवलेलं असतं. पर्च बिचारा गोड्या पाण्यातला. त्या हिशोबाने हॅम समुद्री.

२१ मार्च
जिना चढताना छातीत जड वाटलं. डाव्या बाजूला. गॅस असणार. पायरीवर बसलो, दहा मिनिटांत गेलं. घरात हाक मारायला कोणी नव्हतं, तरी एकदा मारली. हे ल्युसीलला सांगायचं नाही, ती घाबरेल.

२४ मार्च, रविवार
एकच आठवडा उरला. लेखी काहीतरी हातात असावं म्हणून चर्चमधल्या प्रार्थनेनंतर फादर पोलिनना गाठलं. पाणउंदीर हा मासा आहे असं चर्चच्या कागदावर, शिक्क्यासकट द्या म्हटलं, बायकोला दाखवायचंय. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, जेरार, ही सवलत उपवासाला आहे, तुझ्या रक्तवाहिन्यांना नाही. मी म्हटलं, तुम्ही चार खाल्लेत. ते म्हणाले, मला स्टेंट नाहीत.

कागद दिला नाही. बदकाचा विषय मग मी काढलाच नाही.

२९ मार्च, गुड फ्रायडे
आज काहीच खाल्लं नाही. नुसतं पाणी. सगळं भरून निघालं असं मानायला हरकत नाही. घर झाडलं, पलंगावर धुतलेल्या चादरी घातल्या. परवा ती येते.

३१ मार्च, ईस्टर. दुपारी ४
ती बाराला आली. केस थोडे कापलेत. हातात पर्स. बॅग नव्हती. गाडीत असेल असं मला वाटलं.

व्हाइटफिश भाजला होता, लिंबू लावून. ती जेवली, चांगला झालाय म्हणाली. मी म्हटलं, पाच आठवडे बघ, नुसते मासे. तिने पर्समधून चर्चचं पत्रक काढून बशीशेजारी ठेवलं. पहिल्याच पानावर फोटो. बोट क्लब, मी, गळ्यात रुमाल, हातात पाणउंदराची तंगडी. मला काय माहीत ते पत्रक टोलीडोलाही पोस्टाने जातं.

मी सगळं समजावलं. दलदल, आजोबा, चर्च, सवलत. बदकापर्यंत आलो. तिने मधे तोडलं नाही. मग म्हणाली, बारा तारखेपासून आहे हे माझ्याकडे. त्यानंतर रोज सहाला विचारलं तुला, कुठला मासा. एक दिवस तरी उंदीर म्हणशील म्हणून. उंदीर म्हणाला असतास ना, तर त्याच संध्याकाळी गाडी काढली असती मी.

मी म्हटलं, उंदीर.

ती म्हणाली, आता काय.

डिशेस धुतल्या तिने. बॅग गाडीत नव्हती. मंगळवारी डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे ना, नेईन तुला, म्हणाली. नऊला तयार राहा.

म्हणजे येणार आहे.

२ एप्रिल, मंगळवार. दुपारी १२
तिने नऊला हॉर्न वाजवला. ऊन छान पडलं होतं, तिने कोट काढून मागच्या सीटवर टाकला होता. वाटेत पुलाच्या कामाबद्दल बोललो.

दवाखान्यात नर्सने आहार विचारला. ल्युसील खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, लिहा. चिली, बेकन, पाणउंदीर, बदक, हॅम. जिन्यावरचं छातीत दुखणंही सांगितलं. नर्सने पेन थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि फॉर्मवर एकच शब्द लिहिला. मांसाहारी. ल्युसील तेवढ्यात उठून पाणी प्यायला गेली, ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते.

डॉक्टरीणबाईंनी आणखी तपासण्या सांगितल्या. ल्युसीलने तारखा तिच्या वहीत लिहून घेतल्या. सगळे मंगळवार.

परत आलो. दारात गाडी थांबली. मी उतरलो, दार उघडं धरून उभा राहिलो, आत कॉफी आहे म्हणालो. ती म्हणाली, पुढच्या मंगळवारी, नऊला. गोळ्या विसरू नकोस.

तिने इंजिन बंद केलं नव्हतं. या थंडीत एकदा बंद केलं की लवकर सुरू होत नाही. म्हणूनच असेल.