टाचांपासून सुरुवात

२ मार्च
घर मोठं, उजेडाचं आहे. मला ताईचीच खोली दिली. ताई जाऊन महिना होत आला. तिचं बाळ सांभाळायला मी रजा टाकून आले. मला पाहून ते हसलं. काय गाल आहेत! वर्गात मी हेच शिकवते, की तान्ह्या मुलाच्या गालात चरबीची छोटी गादी असते आणि तिच्या जोरावरच ते दूध ओढतं.

बाकी माणसं यथातथाच. भावोजी आईच्या ओंजळीने पाणी पितात. ताईच्या सासूबाई या वयातही गुबगुबीत. चालल्या तर पावलाचा आवाज नाही. ताईबद्दल म्हणाल्या, पोरीच्या अंगाला काही लागतच नव्हतं, शेवटी नुसता सांगाडा उरला. सांत्वनाची ही यांची तऱ्हा.

४ मार्च
सासूबाईंनी बळेच माझ्या पायांना तेल चोळलं. म्हणाल्या, मावशीबाई, तुम्ही चांगल्या खात्यापित्या दिसता, बहिणीला नाही का थोडं द्यायचं? आणि स्वतःच हसत सुटल्या. असल्या बाईला उत्तर देणंही मला कमीपणाचं वाटतं.

५ मार्च
टाचा ठणकतात. टाचेखाली चरबीची जाड गादी असते, पाऊल टेकताना तीच धक्का झेलते. दाबून पाहिलं. कातडीखाली सरळ हाड लागलं. सासूबाई मात्र आज जिना दुडदुडत चढल्या.

भावोजींना सांगितलं. म्हणाले, हिचंही टाचांपासूनच सुरू झालं होतं. पण आईला बोलू नका, तिला वाईट वाटतं. नेभळट मेला.

७ मार्च
सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तेलाचे अंगठे त्याच्या गालांवर. मी बाळ हिसकावून घेतलं. म्हटलं, आधी मला चोळा. म्हणाल्या, उशिरा का होईना, अक्कल आली. दादाला फोन केला, तो परवा गाडी घेऊन येतोय. तोवर या हावरटांनी माझ्यावर भागवावं.

८ मार्च
बसवत नाही. हाडं टोचतात. गुडघ्याच्या वाटीखाली काही उरलं नाही. डोळे खोल गेलेत. बाळ दूध ओढतंय. बाकी सगळे गेले खड्ड्यात.

९ मार्च
दादा आला होता. भावोजींनी दारातूनच परत — मावशी नि बाळ फिरायला गेलीत म्हणे. मी जिन्यापर्यंत रांगत — तोवर गाडी गेली.

सासूबाईंनी बाळ नेलं. म्हणाल्या, तुमच्यात आता आहे काय चोळायला.

पेन धरवत नाही, बोटांची टोकं —

पलीकडे बाळ रडतंय. बाटली दिली असावी. गप्प झालं. पुन्हा रडतंय. पुन्हा बाटली — तोंडात धरत असेल, पण त्याला ओढताच येत —