गोमाचा गुडघा

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

गोमाच्या गुडघ्याला उतार पडला! रामाभाऊंनी उपासनेत पत्र वाचून दाखवलं आणि चष्मा काढून सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू गुडघा त्यांनीच तेल लावून चोळलाय. त्यांचा हक्क आहे म्हणा. दोन वर्षं दर रविवारी "प्रभू, आमच्या गोमाभावाचा डावा गुडघा" हे त्यांनी एकदाही चुकवलं नाही. स्वतःचे दोन्ही दुखतात, त्यांचा उल्लेख नाही. मंडळीचा एल्डर असावा तर असा. हे इथे लिहिते, तोंडावर सांगणार नाही.

आमच्या मिशनरी राहीचा आवाजही ऐकला, मंडळीतल्या प्रेमाच्या मोबाइलवर. मलावीत अजून पाऊस नाही, मका पेरायचा राहिलाय, पावसासाठी प्रार्थना करा म्हणते. आणि इथे सापगावात आमचं कापलेलं भात शेतात भिजतंय! रामाभाऊंनी एकाच प्रार्थनेत दोन्ही बसवलं — इथला ढग तिकडे ने. देवालाही जरा नकाशा उघडावा लागला असेल.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

आज मूठ काढायला विसरले. तांदूळ धुवून झाल्यावर आठवलं, मग ओलीच मूठ काढून ताटलीत वाळत घातली. सासूबाईंनी लावलेली सवय — भात टाकण्याआधी एक मूठ मिशनच्या डब्यात. बेचाळीस वर्षं झाली. आमच्या प्रेसबिटेरियन मंडळीत प्रत्येक चुलीपाशी असा डबा आहे. रविवारी सगळे डबे चर्चमध्ये रिकामे होतात. अर्धे तांदूळ विकून पैसे परदेशातल्या राहीसाठी पाठवतात. अर्धे तसेच पोत्यात भरून मुरबाडला जातात आणि तिथून जगनच्या जीपने डोंगराखाली, भोकरवाडीत मिशनचं काम करणाऱ्या गोमासाठी.

पण आता डबे भरत नाहीत. चार घरं कल्याणला गेली. राहिलेल्यांना साखरेचा आजार, भात बंद, चपाती चालू! रामाभाऊ म्हणाले, दोघांना पुरायचं नाही, नव्या वर्षापासून एकालाच धरायचं. नाताळाआधीच्या रविवारी ठरवणार.

ठरवायचं काय त्यात? राहीचे फोटो येतात, आवाज येतो, ती काय जेवली तेसुद्धा आम्हाला ठाऊक. गोमाचा एकच फोटो, नऊ वर्षांपूर्वीचा, चर्चच्या फळ्यावर उन्हाने इतका उडालाय की आता नुसता सदरा उरलाय. मंडळीची पत्रं मीच लिहिते, त्यांतून तीनदा नवा मागितला. उत्तर — "फोटो बघून काय करता, प्रार्थना करा."

समुद्रापलीकडची बाई घरातली झाली आणि अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचा माणूस कसा दिसतो ते माहीत नाही. मला हे सहन होत नाही!

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

गोमाच्या पत्रांची फाइल काढून बसले. भातसानगरला धरणाच्या ऑफिसात तीस वर्षं टायपिस्ट होते, कागद वाचायची खोड जात नाही.

जुनी पत्रं तिरक्या, घाईच्या अक्षरातली. प्रत्येकात चार-पाच वचनं. गेल्या दोन वर्षांतली उभ्या अक्षरातली, एकेक अक्षर दाबून, कागद मागून खडबडीत. वचन एखादंच. बाकी सगळं वाडीचं — झऱ्याला गाळ आला, कोणाला डोलीतून खाली दवाखान्यात नेलं. आणि मार्चच्या पत्रात, "भिमी सुटली, पोर ठीक, पण वार पडायला टाइम लागला म्हणून रात बसून काढली."

बाळामागून पडणारी वार! कोणता पुरुष असं लिहितो? आणि बाळंतिणीच्या खोलीत गोमाला घेतलं कोणी?

रविवार, १० नोव्हेंबर

रामाभाऊंना अक्षराचं सांगितलं. म्हणाले, "वत्सलाबाई, तुमच्याआधी तुमचं नाक घरात शिरतं." शिरतं. काय करणार!

शनिवार, १६ नोव्हेंबर

जाऊन येते. कोणाला सांगणार नाही. फोटो काढायला गेले म्हणेन. प्रेमाने मोबाइलवर फोटो कसा काढायचा ते शिकवलं. पहिले चार माझ्याच अंगठ्याचे आले.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

आत्ताच आले. पाय टेकवत नाहीत, पण लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

सकाळच्या एसटीने किन्हवलीवरून मुरबाड. तिथे जगनची जीप भरायची वाट पाहत बसले. पुढच्या सीटवर मला जागा दिली, "चर्चच्या बाय" म्हणून. सहज विचारलं, "गोमाची तब्येत कशी आहे आता?"

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "कोनता गोमा?"

"अहो, भोकरवाडीचा. तुम्ही तांदूळ पोचवता ना त्याला."

"तांदूल ठकीला देतो, बाय. तिचा नवरा गोमा. तो जाऊन दोन वर्सं झाली. कावील झालती."

 मला एकदम रागच आला. "मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"तुमी कवा इचारला? तुमी म्हनता भोकरवाडीला दे. मी देतो."

 खरंच कोणी विचारलं नव्हतं. पोतं पाठवायचं, पत्र वाचायचं, गुडघा मागायचा — झालं मिशन.

चढण तासाभराची. मला दोन तास लागले. वाडीत सगळ्यांत वरचं कुडाचं घर. ओसरीवर सहा दप्तरांच्या खुंट्या, आणि एक बाई भात पाखडत होती. बारीक, काटक, पन्नाशीची. मला पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"तुमी वत्सलाबाय ना? पत्र लिवता त्या?"

"आणि गोमाची पत्रं लिहिते ती तू का?" मी म्हटलं. इतक्या कडक आवाजात बोलायचं ठरवलं नव्हतं.

ती बसली. रडली नाही. सगळं सरळ सांगितलं. श्रावणात गोमा गेला, ओढ्याला पाणी होतं, पाळकांना निरोप पोचेना, वाडीनेच पुरला. अक्षरं त्यानेच शिकवलेली. "पयल्या महिन्यातच सांगनार होते. पन पोतं आला. पोरी जेवल्या. मंग सांगायचा राहूनच गेला." या सहा पोरी वरच्या पाड्यांवरच्या. आठवडाभर हिच्याकडे राहतात म्हणून खालच्या शाळेत जाता येतं. नाहीतर रोजचं जाणं-येणं त्यांना झेपणारं नाही, शाळा सुटते. दवाखान्याची डोलीही हीच जमवते, बाळंतपणंही. प्रार्थनेला चार माणसं येतात, आजारपणाला सगळी वाडी.

"मग स्वतःच्या नावाने का नाही लिहिलंस?"

"बाईला कोन मिशनरी म्हनल? आनि मंग मूठ कोन काढल?"

मी रागावलेच होते. दोन वर्षं, म्हटलं, आम्ही गेलेल्या माणसासाठी — पण वाक्य पुरं झालं नाही, पोरी शाळेतून आल्या. हातपाय धुऊन रांगेत बसल्या. ठकीने भात टाकायला घेतला आणि आधी एक मूठ काढून गाडग्यात टाकली.

"ही कोणाची?"

"राहीबायची. तुमच्या पत्रात असते ती." मग जरा ओशाळून, "आफ्रिकेला कशी धाडू? साठली का खालच्या म्हातारीला देते. पन काढते राहीबायच्याच नावानी."

आम्ही पाठवलेल्या मुठींतून मूठ! माझा राग तिथेच बसला, उठला नाही.

निघताना दाराआड एक काठी दिसली, मुठीपाशी झिजून गुळगुळीत. गोमाची असणार, म्हणून तिच्याकडे फार पाहिलं नाही. ठकीने उताराला माझा हात धरला. फोटो काढू का म्हटलं तर पदर सारखा केला आणि मान हलवली. "आता नको. तुमचा ठरला का मंग काढा."

म्हणजे काय ठरायचंय ते तिला ठाऊक होतं. माझ्याच पत्रातून. मीच लिहिलं होतं, दोघांतून एकालाच धरणार आहोत म्हणून.

बुधवार, २० नोव्हेंबर

पोटऱ्यांना गाठी. झंडू लावून पडले.

रविवार, २४ नोव्हेंबर

बोलणार होते. उभीही राहिले. तेवढ्यात रामाभाऊंनी डोळे मिटून गुडघ्यासाठी आभार मानायला सुरुवात केली. इतका आनंद त्या आवाजात! मी खाली बसले.

ठकीचं का राहून गेलं ते कळलं मला.

रविवार, १ डिसेंबर

आजही नाही. मलावीत पाऊस झाला! प्रेमाने पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज ऐकवला. इथलंही भात मळून घरात आलं. रामाभाऊ म्हणाले, बघा, नुसतं मागायला हवं. मग हळूच मला, "गोमाचं मात्र अवघड आहे. पत्रात वचनं नाहीत, फोटो नाही. बहुमत राहीकडे जाणार." खरंच वाईट वाटत होतं त्यांना.

गप्प राहिले तर ठकीचं पोतं बंद. बोलले तरी बंद. पोरी सहा.

शुक्रवार, २० डिसेंबर

उद्या नाही, परवा. दुपारी रामाभाऊंच्या घरी जाऊन एकट्यांना आधी सांगावं असं ठरवलं, सापगावच्या नाक्यापर्यंत गेले आणि भाजी घेऊन परत आले. भाजी घरात होतीच.

रविवार, २२ डिसेंबर

सांगितलं. सगळ्यांसमोर, एका दमात. जगन, चढण, कावीळ, सहा पोरी, गाडग्यातली मूठ.

 मग प्रेमाच्या तोंडून निघालं, "म्हणजे गुडघा?" आणि तिला हसू आलं, बिचारीने ओढणी तोंडात कोंबली. रामाभाऊ पांढरेफटक पडले.

"मला फसवलं, ते सोडा," म्हणाले. "मी देवासमोर उभं राहून नसलेला गुडघा मागितला! दोन वर्षं! आणि बरा झाला म्हणून आभार मानले!"

मी म्हटलं, तीस वर्षं मी साहेबांच्या नावाने पत्रं लिहिली. मजकूर माझा, सही त्यांची. कोणी खोटं म्हटलं नाही, कामं झाली.

"साहेब जिवंत होते, वत्सलाबाई."

 

वाद दुपारपर्यंत चालला. काम खरं आहे, मूठ तिलाच जावी, असं बायका म्हणाल्या. पुरुष रामाभाऊंकडे बघत राहिले. शेवटी रामाभाऊच म्हणाले, "काम खरं असेल. पण तिने एक खोटं लिहिलं, तर बाकीचं खरं कशावरून? तिने स्वतःच्या नावाने लिहावं. मग बघू. तोवर पोतं जाणार नाही."

त्यांना राग पोत्याचा नाही. गुडघ्याचा आहे. देवाने त्यांचं ऐकलं असं त्यांना आयुष्यात एकदाच वाटलं होतं, आणि तेही मी काढून घेतलं. लिहितानाही वाईट वाटतंय.

मंगळवार, २४ डिसेंबर

मुरबाडला जाऊन जगनकडे चिठ्ठी दिली. ठकी, खरं काय ते तुझ्या नावाने लिही, एवढंच. बरोबर माझ्या घरचं अर्धं पोतं. ते मंडळीचं नाही, माझं आहे, रामाभाऊंनी विचारलं तर तसंच सांगेन.

बुधवार, २५ डिसेंबर

नाताळ. करंज्या छान झाल्या. रामाभाऊंनी सलाम केला, पण थांबले नाहीत.

रविवार, २९ डिसेंबर

पत्र नाही. आज गुडघ्याच्या जागी उपासनेत नुसती शांतता. सगळ्यांना ती ऐकू आली.

रविवार, ५ जानेवारी २०२५

ठकीचं पत्र आलं! रामाभाऊंनीच उभं राहून वाचलं.

"सगल्यांना सलाम. गोमाचा नाव लावला ती माझी चूक. माफी करा. बाकी लिवला ते सगला खरा. गुडगा माझा हाय. डावा. डोली नेताना घसरले तवापासून. काठीबिगर चालता येत नवता. आता चढन चढते. काठी दाराआड ठेवलीय. ज्यांनी प्रार्थना केली त्यांना सांगा."

 रामाभाऊंनी कागद घडी करून खिशात ठेवला, माझ्या फाइलला दिला नाही. मग म्हणाले, "आमच्या घरून आजपासून दोन मुठी. दोघी राहतील."

काठी तिची होती! आणि मी, मेली, तेवढंच विचारलं नाही.