डब्यातला रोट

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि लिहायला बसले ती रोटाच्या एका तुकड्यावरून. हसशील तू. पण काल भावाकडे कानबाईच्या सणाला गेले, फुईशी, म्हणजे आबांच्या बहिणीशी, बोलले आणि छातीवरचा धोंडा उतरला. तो तुझ्याच हातचा होता, म्हणून तुलाच सांगते.

धुळ्याच्या घरात श्रावणात कानबाई देवी बसायची. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं तू सव्वा मूठ गहू सुपात टाकते आहेस आणि मी विचारते आहे, "मनी मूठ कोठे शे?" तू नुसती हसतेस. त्या गव्हाचे जाड रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याच्या तोंडी कण गेला तर घरावर काहीतरी येतं, हे मी बाराखडीच्या आधी शिकले. मुलीला लग्नापर्यंत चालतो, पुढे नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात जळगावहून आम्ही दोघं आलो. मी सवयीनं भावांच्या पंगतीत बसले आणि सगळ्यांदेखत तू माझ्यापुढचं ताट उचललंस. "लगीन व्हयनं, आते तुले रोट चालत नही." असा संताप आला म्हणून सांगू! तीन महिन्यांत मी बाहेरची झाले? निघताना तुझ्या पाया पडले तेही तोंड फुगवून. एसटी पारोळ्याला थांबली तेव्हा डबा उघडला. वर पुऱ्या, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला रोट. मी रडत रडत खाल्ला.

पुढची कानबाई यायच्या आत तू गेलीस. साधा ताप म्हणता म्हणता गेलीस. सगळे नशिबाला बोल लावत होते, त्या रोटानं गेलीस हे मला एकटीला ठाऊक होतं. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई मी, पण श्रावण आला की घास तोंडात फिरायचा. तुझाही राग यायचा. दिलास कशाला, माय?

काल न राहवून फुईला सगळं सांगून टाकलं. ती बोळकं पसरून हसायलाच लागली. "मना डबामाबी दरसाल रोट दपाडी दे तुनी माय. तुनी आजीनीच शिकाडेल तिले. मले काय व्हयनं, सांग!" ऐंशी उलटलेली बाई, समोर पुरणपोळी चेपत होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की वहिनी चुलीपासून उठून बघायला आली.

एक गोष्ट मात्र फुईलाही बोलले नाही. एसटीत शेजारी हे बसले होते. भूक लागली म्हणाले, आणि मी अर्धा रोट मोडून दिला, माहेरची जाड पोळी म्हणून. भाऊबंदांबाहेरचा, तोही जावई! तेव्हापासून ह्यांना नुसती शिंक आली तरी मी कपाळाला हात लावून ताप बघायचे. हा कागद तुझ्या फोटोमागे खोचून ठेवणार, ह्यांना दाखवायची छाती अजून नाही. आत्ता ओट्याशी उभे राहून शेंगदाणे खाताहेत आणि काय लिहितेस म्हणून विचारताहेत. किराण्याची यादी, म्हटलं.

"मग गहू लिही," म्हणाले, "तुझ्या माईची ती जाड पोळी कर एकदा."